‘समुद्रराणी’ नौकेवरील वाणाबाबत माझी अखेरची व्यवस्था

मी, कु. अनुजा राजाराम घाडीगावकर, वय सत्तावीस, व्यवसाय न्यायालयीन कागदपत्रांचा अनुवाद, राहणार लालबाग, सध्या मुक्काम परळच्या एका रुग्णालयातील स्त्रियांचा अस्थिरोग कक्ष, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझे मन स्थिर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे कमरेखालचे शरीर गेल्या जानेवारीपासून स्थिर आहे. त्याला दाखल्याची गरज नाही. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे अशा दस्तात म्हणावे लागते. माझ्यावर दबाव भरपूर आला. मी हे लिहू नये यासाठी तो आला, आणि तो कमी पडला, एवढीच नोंद मी करते.

उद्या सकाळी माझ्या पाठीच्या जखमेवर तिसरी शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला आहे. डॉक्टर ‘बघू या’ म्हणतात. माझे दोन्ही साक्षीदार, कार्यालयातील सहकारी श्री. संघर्ष तांबे आणि शेजारच्या खाटेवरील बाईंचे यजमान श्री. लवू परब, मी लिहीत असताना पलंगाजवळ बसून आहेत.

कलम १. मी अविवाहित आहे. वडील हयात नाहीत. मागे आई श्रीमती शांता, थोरला भाऊ विनीतदादा आणि त्याची पत्नी दर्शनावहिनी असा परिवार आहे. मी मृत्युपत्र न करता वारले, तर माझे सर्व काही कायद्याने आईकडे जाईल. आईच्या हातात दिलेली वस्तू दादाच्या खिशात जाते आणि दादाच्या खिशातून वहिनींच्या पर्समध्ये. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा हा प्रवास मी लहानपणापासून पाहिला आहे. माझ्या मालकीची एक गोष्ट मात्र त्या पर्समध्ये जाता कामा नये. ती म्हणजे ‘समुद्रराणी’ नौकेवरील अपघाताबाबत जिल्हा ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असलेली माझी तक्रार. तिच्यात पहिले विरुद्ध पक्षकार नौकामालक श्री. हितेश वैती आणि दुसऱ्या विरुद्ध पक्षकार सौ. दर्शना विनीत घाडीगावकर, म्हणजे माझ्या वहिनी, आहेत. तक्रार आईकडे गेली, तर माझ्या तेराव्याआधी ती मागे घेतली जाईल.

कलम २. हे मृत्युपत्र पुढे कोण वाचेल ते मला माहीत नाही. म्हणून घडलेली हकिगत लिहून ठेवते.

वहिनी आमच्या प्रभागातून नगरसेवकपदासाठी इच्छुक आहेत. इच्छुकांनी संक्रांतीला हळदीकुंकू करायचे, ही लालबागची रीत. पण मंडपातले हळदीकुंकू सगळेच करतात. म्हणून वहिनींनी पूर्व किनाऱ्यावरील एका खाजगी धक्क्यावरून सहलीची नौका भाड्याने घेतली आणि नाक्यावर ‘फ्लेमिंगो दर्शनासह हळदीकुंकू’ असा फलक लावला. परवान्यात लिहिलेल्या प्रवासीसंख्येच्या जवळजवळ दुप्पट बायका नौकेवर चढल्या, कारण वहिनींना एकाही मतदाराला मागे ठेवायचे नव्हते आणि हितेश यांना होऊ घातलेल्या नगरसेविकेला नाही म्हणायचे नव्हते. फ्लेमिंगो दिसले नाहीत. ते पक्षी समंजस असतात.

नौकेवर लाइफ जॅकेटे होती. ती वाटली गेली नाहीत, कारण त्यांच्याखाली संक्रांतीच्या काळ्या साड्या झाकल्या गेल्या असत्या. त्यांचा गठ्ठा करून त्यावर तिळगुळाचे तबक ठेवले होते. अचूकतेसाठी सांगते की, जॅकेट असते तरी माझा उपयोग झाला नसता. मी बुडाले नाही. मी चिरडले गेले. नौकेच्या डाव्या बाजूचा कठडा सांध्यातून निखळलेला होता आणि नायलॉनच्या दोरीने बांधलेला होता. ती दोरी हितेश यांना ठाऊक होती. वहिनींच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर झेंडूच्या माळा गुंडाळल्या. त्यामुळे ती दुसऱ्या कोणालाच ठाऊक झाली नाही.

वाणाची खोकी त्याच कठड्याशी रचली होती आणि मी त्यांच्याजवळ उभी होते. गर्दीत कडेला उभे राहण्याची मला शाळेपासून सवय आहे. वाण म्हणजे स्टीलचे डबे, झाकणावर हात जोडलेल्या वहिनी. नौका परत धक्क्याला लागत असताना धक्क्यावरचा फोटोग्राफर ओरडला, “मॅडम, सगळ्यांना इकडच्या साइडला घ्या! इकडे!” वहिनींनी माइक घेतला. “बायांनो, रांगबिंग काही नको हां! संक्रांतीचं वाण आहे, लुटायचं असतं! या इकडे, लुटा!”

संक्रांतीचे वाण लुटायचे असते, हे आपल्या बायकांना वेगळे शिकवावे लागत नाही. घराच्या दारात ते हसतखेळत होते. येथे नौकेवरच्या साऱ्या बायका एका बाजूला धावल्या. नौका कलली, दोरी सुटली, कठडा गेला, आणि मी नौका व धक्का यांच्यामधल्या पाण्यात पडले. नंतर नौका पुन्हा धक्क्याकडे सरकली. ती जड होती. तिच्यात आमचा प्रभाग होता.

मला बाहेर काढले ते मासळीबाजारातील गुणवंतीमावशी नाखवा यांनी. धक्क्यावर पालथ्या पडून त्यांनी मला वेणीला धरून ओढले. त्यांचे शब्द मला आठवतात: “हात दे गो पोरी! हात नाय तर केस दे, पण दे!” त्या वेळी वहिनी माइकवर होत्या. “कोणी घाबरू नका, डबे सगळ्यांना मिळणार आहेत.” हे मी विरोधाभासासाठी रचलेले नाही. फोटोग्राफरच्या चित्रफितीत ते ऐकू येते.

कलम ३. आता जबाबदारीविषयी. हितेश म्हणतात, धक्क्यावर ‘नौकाविहार स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी आहे आणि बायका आयोजकांच्या सांगण्यावरून धावल्या. वहिनी म्हणतात, कठडा नौकामालकाचा, तो त्यानेच सांभाळायचा. दोघेही खरे बोलत आहेत, आणि दोघांचाही दोष त्यांच्या स्वतःच्याच तोंडून सिद्ध होतो. स्वतःचा निष्काळजीपणा पाटी रंगवून दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, आणि दोरी माहीत नव्हती म्हणून ‘लुटा’ म्हटल्याची जबाबदारी उडून जात नाही.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत आहे. त्या सहलीचे भाडे मी भरले नव्हते, म्हणून मी ग्राहक नाही. कायदा म्हणतो, दुसऱ्याने भाड्याने घेतलेल्या सेवेचा त्याच्या संमतीने लाभ घेणाराही ग्राहकच असतो. म्हणजे वहिनींची निमंत्रित पाहुणी असणे मला पुरेसे आहे. यावर वहिनींनी शपथेवर लिहून दिले आहे: ‘हळदीकुंकू हा सुवासिनींचा कार्यक्रम असून अनुजा ही अविवाहित असल्याने निमंत्रित नव्हती. ती केवळ खोकी उचलण्यास आली होती.’ थोडक्यात, मी नौकेवर होते ती प्रवासी म्हणून नव्हे, सामानाबरोबर. हा मुद्दा वकिलांचा आहे. वहिनींना तो सुचला असेल असा आरोप मी करणार नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की, इंजिन सुरू होण्यापूर्वी नौकेवर मला हळदीकुंकू लावले गेले होते आणि हातावर तिळगूळ ठेवला गेला होता. विधवांनाही मत असते, म्हणून वहिनींनीच विधवा असलेल्या आईच्या हाती करंडा देऊन “एकीलाही सोडू नका हां आई” असे सांगितले होते. म्हणजे ते कुंकू यजमानीणबाईंच्या वतीने होते. लावताना आई म्हणाली, “पुढच्या वर्साक नाव घेवन लाव.” बाकीच्या बायका फोटोसाठी पुढच्या टोकाला होत्या. कुंकू खाऱ्या पाण्यात गेले. राहिली एकच साक्षीदार, माझी आई. माझ्या वकिलांनी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “माका आठवत नाय.” मी पहिलीत असताना हरवलेली छत्री कोणत्या रंगाची होती, ते आईला आठवते.

त्यानंतर घरची मंडळी येथे येऊन गेली. वहिनींनी शहाळे आणले होते.

“अनू, हितेशचं नाव राहू दे ना. माझं तेवढं काढ. तिकिटाचा टाइम आहे गं.”

मी म्हटले, “दोघांची जबाबदारी वेगळी काढता येत नाही.”

“बघ, बघ कशी बोलते! पुस्तकं वाचून वाचून असं झालंय हिचं,” वहिनी दादाला म्हणाल्या. “घरच्या माणसावर कोण केस करतं का?”

दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “शेवटी तुझं सगळं आम्हालाच करायचंय, अनू. विचार कर.”

मी विचार केला. हे मृत्युपत्र हा त्या विचाराचा निष्कर्ष आहे. शहाळे वहिनी जाताना परत घेऊन गेल्या. त्यांना पुढे एका मतदाराला भेटायचे होते.

कलम ४. सबब मी श्रीमती गुणवंती दत्तू नाखवा यांना या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. माझ्या इस्टेटीची प्रतिनिधी म्हणून सदर तक्रार निकालापर्यंत आणि अपिलाच्या शेवटापर्यंत त्याच चालवतील. तडजोड करण्याचा अधिकार मी त्यांना देत नाही. त्यांना तो नकोही आहे. त्यातून जे मिळेल ते त्यांचे.

ही निवड मी पूर्ण विचारान्ती केली आहे. मला भांडता येत नाही. वर्गात पहिली येऊनही बक्षीस घ्यायला व्यासपीठावर जाताना मला ताप यायचा. सत्तावीस वर्षांत मी कोणाला वर आवाजात बोललेले नाही, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ मला काही बोलायचेच नाही असा घेतला गेला. गुणवंतीमावशींनी गेल्या तीस वर्षांत एकही भांडण अर्धवट सोडलेले नाही. मी त्यांना या कामाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. “कोर्टात वरडलेलं चालतं काय?” मी म्हटले, आपले वकील बोलतील, तुम्ही फक्त प्रत्येक तारखेला समोर बसायचे. “नुसतं बसायचं? आनि बघायचं तिच्याकडं? मग तर येतेच मी. टोपली घेऊन येऊ की नको?”

टोपली आणावी.

कलम ५. माझ्या देहाविषयी. शारीरिक इजेचा दावा सामान्यतः इजा झालेल्या माणसाबरोबर संपतो, पण त्या इजेनेच मृत्यू आला तर संपत नाही. याचा व्यवहारी अर्थ असा की, मी जखमेच्या संसर्गाने गेले तर माझे भांडण जिवंत राहते, आणि अन्य कशाने गेले तर विरुद्ध पक्षकार सुटतात. हे वाक्य मी दुसऱ्या कोणासाठी अनुवादित केले असते तर त्याच्या नेमकेपणाचे मला कौतुक वाटले असते.

म्हणून, मृत्यूनंतर मला घरी नेण्याची घाई करू नये. ‘पोरीची जात आहे, उगाच चिरफाड कशाला’ असे कोणी म्हटल्यास ते ऐकू नये. शवविच्छेदन व्हावेच आणि मृत्यूचे मूळ कारण लेखी नोंदवले जावे. पोलिसांत त्या अपघाताचा गुन्हा नोंदलेला असल्याने तशी मागणी करणे कठीण नाही. देह ताब्यात घेण्याच्या कागदावर सही आईने करावी. वहिनींनी त्या वेळी शवागाराच्या दारात फोटो काढून घेऊ नयेत. ही विनंती अनावश्यक वाटेल. ती मी त्यांच्या ओळखीमुळे करते आहे.

कलम ६. माझी चाकांची खुर्ची वहिनींना देते. ती त्यांच्याच एका कार्यक्रमात, बॅनरसमोर, मला बसवून दिली गेली होती. पुढील कार्यक्रमासाठी ती पुन्हा उपयोगी पडेल. बसवण्यासाठी माणूस त्यांना शोधावा लागेल, पण तो त्या निर्माण करू शकतात हे त्यांनी दाखवले आहे.

विनीतदादाला माझा शब्दकोश देते. आमची भावंडांमधली सर्व वाटणी एकदाच झाली: त्याला आवाज मिळाला, मला शब्द. शब्दही त्याने घ्यावेत. त्याने तो उघडण्याची सक्ती नाही.

माझी बाकीची पुस्तके नायगावच्या कोणत्याही मराठी शाळेला, ती अजून उघडी असल्यास. गळ्यातली साखळी कक्षातील आया अनुसयाबाईंना. त्यांनी मला कूस बदलताना कधीही ‘किती जड झालीस’ असे म्हटले नाही. माझ्या घरच्या तीन माणसांपैकी तिघांनी म्हटले.

कलम ७. लालबाग येथील सदनिका, जी चाळीच्या पुनर्विकासात मिळाली आणि जी वडिलांनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या एकटीच्या नावे केली, तिच्यात सध्या आई, दादा व वहिनी राहतात. दिवाणखान्यात वहिनींचे प्रचारसाहित्य असते. आईने आयोगापुढे येऊन त्या कुंकवाची खरी साक्ष दिली, तर ही सदनिका आईची. न दिल्यास ती गुणवंतीमावशींची. त्यांनी तिच्यात सुके बोंबील व सुकट साठवण्यास माझी पूर्ण संमती आहे. वहिनींना तो वास सहन होत नाही, असे त्या लग्न होऊन आल्यापासून सांगत आल्या आहेत.

येथवर लिहून झाले असताना आई आली. वरील कलम सात मी आता रद्द करते. त्याचे कारण लिहिणे आवश्यक आहे.

आई स्टुलावर बसली. तिने माझ्या पायांवरची चादर नीट केली. तिला तसे करायला आवडते, कारण पायांना काही कळत नाही.

“काय लिवतंस गो?”

“मृत्युपत्र.”

“असा बोलू नये. उद्या बरा व्हतला.” मग कागदाकडे बघून, “माझा नाव आसा त्यात?”

मी म्हटले, “आई, तू मला बोटीवर कुंकू लावलं होतंस ना?”

हा प्रश्न मी मुद्दाम आणि स्पष्ट आवाजात विचारला. दोन्ही साक्षीदार हाताच्या अंतरावर बसले होते आणि आईला ते दिसत होते. उद्या कोणी हे संभाषण चोरून ऐकलेले ठरवू नये, म्हणून येथे नोंदवते.

आईने आधी दाराकडे पाहिले. दादा तिथे नव्हता.

“लावलंय गो. मीच लावलंय, ह्याच बोटान. इसरान कशी मी? तुझो टिळो वाकडो झालो म्हणान पदरान पुसून परत लावलंय.”

“मग वकिलांना का सांगितलं नाहीस?”

तिने चादरीचे टोक पुन्हा सरळ केले. नंतर जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण माझ्या आयुष्यात माझ्याशी इतके खरे कोणी बोललेले नाही.

“तू जातलंस, बाय. डॉक्टर बोलले विनीताक. तू गेल्यार माका कोण? माका विनीताकडेच रवाचा आसा. तेणा भायर काढल्यान तर मी ह्या वयात खंय जाव?”

मी म्हटले, “बरोबर आहे तुझं.” मला खरेच तसे वाटले. जाणाऱ्या मुलीपेक्षा राहणारा मुलगा उपयोगी असतो, हा हिशेब चूक नाही. माझी तक्रार हिशेबाबद्दल नाही. तो मला ऐकू येईल अशा आवाजात मांडला गेला, एवढेच.

संघर्ष तांबे यांनी या ठिकाणी मला विचारले, “अनुजा, हे खरंच लिहिणार आहेस?” मी हो म्हटले. लवू परब मालवणचे आहेत. आईचे शब्द त्यांनी मला पुन्हा तपासून दिले आणि ते नाक शिंकरायला बाहेर गेले. ते परत येईपर्यंत मी लेखन थांबवले होते.

कलम ७, बदललेले. लालबागची सदनिका मी कोणत्याही अटीशिवाय, पूर्ण मालकीने, माझी आई श्रीमती शांता राजाराम घाडीगावकर हिला देते. तिच्या हयातीत ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा तिच्यात कोणाला राहू देण्याचा निर्णय तिचा एकटीचा. त्यासाठी आईने सही केली आहे असे कोणी दाखवल्यास ती सही गुणवंती नाखवा यांच्या समक्ष झाली आहे काय, हे पाहावे.

हे दान मायेपोटी केलेले नाही, असे कोणी समजू नये. आणि मायेपोटी केले आहे, असेही समजू नये. आईचे वरील निवेदन दोन साक्षीदारांच्या सहीने आता या दस्ताचा भाग आहे आणि गुणवंतीमावशी ते पहिल्याच तारखेला आयोगापुढे ठेवतील. मग आईला बोलावले जाईल. ती पुन्हा ‘आठवत नाय’ म्हणाली, तर तिच्यासमोर संघर्ष आणि लवू उभे राहतील. वहिनींचे शपथेवरचे लेखन खोटे ठरेल. त्या दिवशी संध्याकाळी विनीतदादा आईला घराबाहेर काढू पाहील. तेव्हा ते घर तिचे असले पाहिजे.

आईने जाण्यापूर्वी विचारले, “शेवटाक काय लिवलंस?” माझे लिहिलेले ती कधी वाचत नाही, बक्षीस मिळालेले निबंधही तिने शेजारणींच्या तोंडून ऐकले. मी म्हटले, “जागा तुझ्या नावावर केली.”

तिने माझ्या कानशिलांवरून हात फिरवून स्वतःच्या डोक्याशी बोटे कडाकडा मोडली. मग ती जिन्यापाशी गेली. तिथून तिचा फोनवरचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू येत आहे:

“विनीता, जागा माझ्या नावार केल्यान रे तिना! काय एक खळखळ नाय केल्यान. मी सांगलंय नाय तुका, पोर गरीब आसा माझी!”

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे आणि त्यात मला काही कमी करायचे नाही. माझी सही साक्षीदारांनी आणि त्यांच्या सह्या मी, अशा आम्ही एकमेकांसमक्ष केल्या व पाहिल्या. आईचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्याचेही साक्षीदार याच सहीने मान्य करतात.

सही: अनुजा राजाराम घाडीगावकर

साक्षीदार १: संघर्ष भीमराव तांबे, राहणार नायगाव

साक्षीदार २: लवू सखाराम परब, राहणार चिंचपोकळी

ठिकाण: परळ, मुंबई
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५